लाईन कोणती? नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्या-नाशिकहून किंवा इकडे गडचिरोली-गोंदियाहून नोकरीसाठी, शिक्षणासाठी नागपुरात येणाऱ्या माणसाला मराठी येतच असते, हिंदीही बऱ्यापैकी कळते. अडते ते भलत्याच ठिकाणी. घरमालकीण काकू सांगतात, ‘सकाळपासून लाईन नव्हती, म्हणून मोटर नाही लावली.’ ऑटोवाले भाऊ विचारतात, ‘लाईनच्या अलीकडे जायचंय की पलीकडे?’ ऑफिसातला सहकारी कुणाबद्दल तरी म्हणतो, ‘तो आपल्या लाईनचा माणूस नाही.’ आणि मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या, कंपनीत पहिल्याच आठवड्यात मेल येतो की तुमचे लाईन मॅनेजर अमुक अमुक आहेत. शब्द एकच, अर्थ चार.

इंग्रजीत याहूनही जास्त अर्थांचे शब्द आहेत. ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. तिच्यात ‘सेट’ या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती आणि त्याचे चारशेवर अर्थ दिले होते. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्यालाही मागे टाकले. पण सेट आणि रन यांच्यावाचून नागपुरात कुणाचे काही अडत नाही. लाईनवाचून पहिल्याच दिवशी अडते. म्हणून सुरुवात तिच्यापासून.

पायरी १: नाम सोडा, क्रियापद धरा

लाईन हे नाम इंग्रजीतून आले, पण त्याच्या मागून येणारी क्रियापदे सगळी घरची आहेत आणि अर्थ त्यांच्याच हातात आहे. ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. ‘लाईन टाकली’ म्हणजे जमिनीखालून पाईप किंवा केबल नेली. ‘लाईन ओढली’ म्हणजे खांबावरून तार आणली. ‘लाईन चोक झाली’ म्हणजे सांडपाणी तुंबले. ‘लाईन मोडू नका’ म्हणजे मध्येच घुसू नका, मागे जा. ‘लाईन मारतो’ म्हणजे काय, ते पुढे येईलच.

खरी गंमत ‘लागणे’ या क्रियापदात आहे. ‘दुकानापुढे लाईन लागली’ म्हटले की रांग. ‘लाईनीत लाग’ म्हटले की त्या रांगेत उभा राहा. आणि ‘पोरगा लाईनीला लागला’ म्हटले की पोरगा नोकरीधंद्याला लागला, आईबाप सुटले. क्रियापद तेच, नाम तेच, फक्त प्रत्यय बदलला. म्हणून क्रियापदाबरोबर शब्दाचे शेपूटही ऐकायचे. ‘वर’ हे शेपूट सर्वांत फसवे. ‘काका लाईनवर आहेत’ म्हणजे बहुतेक घरांत काका फोनवर आहेत. विजेच्या खात्यात किंवा रेल्वेत काम करणाऱ्यांच्या घरी तेच वाक्य ऐकलेत तर काका ड्युटीवर आहेत, आणि तुम्ही फोन कानाला लावून वाट पाहत बसाल. ‘आता कसा लाईनवर आला’ याचा तर फोनशीही संबंध नाही आणि ड्युटीशीही नाही. तो माणूस वठणीवर आला, एवढेच.

व्याकरणापुरते सांगायचे तर लाईन स्त्रीलिंगी. अनेकवचन बोलताना ‘लायनी’ होते. ‘लाईनमध्ये’ आणि ‘लाईनीत’ दोन्ही चालतात. जुनी माणसे ‘लाईनीत’ म्हणतात आणि माझ्या मते तेच कानाला बरे लागते. शुद्धलेखनात ‘लाइन’ लिहावे की ‘लाईन’, यावर वाद घालणारे भेटतील. चहा पीत घालायला वाद चांगला आहे, कामाचा नाही.

पायरी २: वीज गेली तर काय करायचे

बाकी महाराष्ट्रात ‘लाईट गेली’ म्हणतात. विदर्भात तेही म्हणतात, पण ‘लाईन गेली’ जास्त. यात एक बारीक सोय आहे. लाईट म्हणजे डोक्यावरचा दिवा, लाईन म्हणजे खांबावरून येणारा पुरवठा. नागपूरकर नकळत हा फरक पाळतो. ‘लाईट लाव’ म्हणतो, ‘लाईन लाव’ म्हणत नाही.

मे महिन्यात, नवतपाच्या म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या आसपास, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना लाईन गेली की कूलर थांबतो आणि पाच मिनिटांत अख्खी गल्ली अंगणात येते. तुम्ही पण या. आधी समोरच्या घराकडे पाहा. त्यांच्याकडे पंखा फिरत असेल तर लाईन गेलेली नाही, तुमच्याच घरातला एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच, पडला आहे. तो वर करा. पुन्हा लगेच पडला तर हट्ट करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळीकडे अंधार असेल तर मात्र लाईन गेली आहे. तेव्हा १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची. तिथे ग्राहक क्रमांक विचारतात. महावितरणच्या बिलावर तो बारा अंकी असतो, आणि भाडेकरूकडे नेमके बिलच नसते. खोली घेतली त्याच दिवशी घरमालकांकडून जुन्या बिलाचा फोटो मागून घ्या. रात्री साडेअकराला उकाड्यात काकांना उठवून बिल शोधायला लावण्यापेक्षा हे सोपे.

शेजारी ‘बोर्डात फोन केला का?’ किंवा ‘एमएसईबीवाले येतील’ असे म्हणतील. जुने वीज मंडळ २००५ मध्ये विभागले गेले आणि वीज वाटपाचे काम महावितरणकडे आले, पण बोलण्यात मंडळ अजून जिवंत आहे. दुरुस्तीला येतो तो लाईनमन. वयाने मोठा असेल तर ‘काका’, नाही तर ‘भाऊ’. पाणी विचारायचे. उन्हाळ्यात खांबावर चढून उतरलेल्या माणसाला पाणी न विचारणारा भाडेकरू गल्लीत लक्षात राहतो.

कूलरबद्दल एक सूचना इथेच देतो, कारण बाहेरून आलेल्यांना ती कुणी देत नाही. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून पिन काढायची. लाईन गेलेली आहे म्हणून तशीच पाण्याची बादली ओतू नका, ती केव्हाही येते. अर्थिंग आहे की नाही, हे खोली घेतानाच विचारायचे.

दुसरी सूचना संक्रांतीची. नागपूरकर त्या दिवसांत गच्चीवर राहायला जातो आणि ‘ओ काट’च्या आरोळ्यांनी डोके उठते. पतंगाच्या दोऱ्यालाही इंग्रजीत लाईनच म्हणतात, आपण मांजा म्हणतो. ही लाईन त्या लाईनवर अडकली की पतंग सोडून द्यायचा. काठीने, तारेने, लोखंडी पाईपने काढायला जायचे नाही. नायलॉन मांजावर बंदी आहे. तो गळा कापतो, पक्ष्यांचा आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचा. त्या आठवड्यात गाडी चालवताना गळ्याला जाड रुमाल किंवा मफलर हवाच.

पायरी ३: पत्त्यातली लाईन

‘सिव्हिल लाईन्स’ हे नाव उत्तर हिंदुस्थानातल्या बऱ्याच शहरांत आहे. इंग्रजी अमलात सैनिकांच्या वस्तीतल्या झोपड्या किंवा बराकी सरळ ओळींत बांधत, म्हणून त्या वस्तीलाच ‘लाईन्स’ म्हणू लागले. सैन्याची ती मिलिटरी लाईन, मुलकी अधिकाऱ्यांची ती सिव्हिल लाईन. नागपूरजवळ सैन्य कामठीच्या छावणीत होते आणि साहेब लोक सीताबर्डीच्या किल्ल्याच्या पश्चिमेला झाडीत, ऐसपैस बंगल्यांत. तिथे ओळ अशी कुठे दिसत नाही. एका बंगल्यातून दुसऱ्यात हाक ऐकू जाणार नाही इतकी आवारे मोठी होती. नाव मात्र ‘लाईन्स’ पडले, आणि नागपूरकराने त्यातला शेवटचा ‘स’ कधीच गाळून टाकला. ‘सिव्हिल लाईनला जायचंय’ म्हटले की पुरते.

पुरते म्हणजे ऑटोवाल्याला कळते, पण तुम्ही नक्की कुठे उतराल हे कळत नाही. विधान भवन, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, जीपीओ, जुने क्रिकेट मैदान, डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, सगळे याच भागात. म्हणून नागपुरात पत्ता चौकावरून सांगायचा. आकाशवाणी चौक, जीपीओ चौक, लॉ कॉलेज चौक, व्हरायटी चौक. कागदावर लिहिलेल्या पत्त्यात चौक नसेल तर फोन करून विचारून घ्या आणि मगच निघा. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असेल तेव्हा या भागात मोर्चे येतात, रस्ते वळवतात. मुलाखत किंवा कोर्टाची तारीख त्या दिवसांत असेल तर हाताशी भरपूर वेळ ठेवा.

काटोल रोडकडची ‘पोलीस लाईन टाकळी’ ही वेगळी. तिथला शब्द मूळ अर्थाला जास्त प्रामाणिक आहे, कारण तो पोलिसांच्या वसाहतीवरून आला. यातूनच शहरातल्या हिंदी वर्तमानपत्रांचे एक कोडे सुटते. अमुक फौजदार ‘लाइन हाजिर’ झाले, असा मथळा दिसला तर ते कुठल्या रांगेत हजर झाले नाहीत. त्यांना ठाण्यावरून काढून पोलीस लाईनीत, म्हणजे मुख्यालयात, बसवले आहे.

आता उलट बाजू पाहा. जिथे इंग्रजीत ‘लाईन’ म्हणता आले असते, तिथे जुन्या नागपुरात आपला शब्द टिकून आहे. इतवारी आणि महालात एकाच धंद्याच्या दुकानांच्या गल्लीला ‘ओळ’ किंवा ‘ओळी’ म्हणतात. लोहा ओळ, किराणा ओळ, चितार ओळ. चितार ओळीत मूर्तिकारांची घरे आहेत आणि गणपतीच्या आधीचे काही आठवडे तिथे पाय ठेवायला जागा नसते. बोलताना हिंदीच्या संगतीने त्याचे ‘ओली’ होते आणि बाहेरून आलेला माणूस ‘चितार ओली’ म्हणजे काहीतरी भिजलेले असावे असे समजतो. सीताबर्डीत तर तिसरीच तऱ्हा. तिथल्या गल्ल्यांना ‘मोदी नंबर’ म्हणतात. मोदी नंबर एक, दोन, तीन. राजकारणाशी संबंध जोडू नका, नाव जुने आहे.

पायरी ४: रुळांवरची लाईन

‘लाईनच्या पलीकडे’ म्हणजे रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे. हा अर्थ नागपुरात रोजचा आहे, कारण दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा असे दोन मोठे रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदतात आणि शहराचे तुकडे करतात. स्टेशनच्या एका अंगाला सीताबर्डी, सदर. दुसऱ्या अंगाला संत्रा मार्केट आणि पुढे इतवारीकडचा भाग. कुणी स्टेशनवर घ्यायला येणार असेल तर ‘मेन गेट की संत्रा मार्केटकडून’ हे आधी ठरवा. नाही ठरवले तर सामान घेऊन पादचारी पुलावरून इकडून तिकडे जाण्याचा व्यायाम होतो.

वयस्कर माणसे ‘छोटी लाईन’ म्हणतील. ती अडीच फुटी रुळांची नॅरोगेज. छिंदवाड्याकडची छोटी लाईन २०१५ मध्ये आणि नागभीडकडची २०१९ मध्ये बंद झाली, रुंद रुळ टाकण्यासाठी. आता ‘छोट्या लाईनजवळ राहतो’ असे कुणी म्हटले तर तिथे गाडी शोधू नका, खूण म्हणून ते नाव तेवढे उरले आहे. गाडी पाहायचीच असेल तर मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, २००२ मध्ये सुरू झालेले. मुलांना घेऊन रविवारची दुपार तिथे छान जाते.

मेट्रोच्या दोन लायनी. ऑरेंज लाईन उत्तर–दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत. अ‍ॅक्वा लाईन पूर्व–पश्चिम, प्रजापती नगरापासून लोकमान्य नगरापर्यंत. दोन्ही सीताबर्डीला भेटतात आणि गाडी तिथेच बदलायची. विमानतळ, मिहान, वर्धा रोड यांच्यासाठी ऑरेंज. रेल्वे स्टेशन, शंकर नगर, हिंगण्याची एमआयडीसी यांच्यासाठी अ‍ॅक्वा. सिव्हिल लाईनला जायचे असेल तर ऑरेंज लाईनवरचे झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क. अ‍ॅक्वा लाईनवर चितार ओळी चौक हे स्टेशन आहे, तेव्हा इंग्रजी लाईनने मराठी ओळीत उतरण्याची सोय महामेट्रोने करून ठेवली आहे. वाहतुकीच्या बाबतीत नव्या माणसाला माझा एकच आग्रह आहे. खोली घेताना ‘मेट्रोजवळ’ या शब्दावर जाऊ नका, कोणत्या लाईनजवळ ते विचारा. ऑफिस एका लाईनवर आणि घर दुसऱ्या लाईनच्या टोकाला, तर रोज सीताबर्डीला जिने चढणे-उतरणे आले.

पायरी ५: पाणी आणि गडर

पेंचच्या नवेगाव खैरी धरणातून आणि कन्हान नदीतून शहराला पाणी येते. ‘नळाची लाईन’ म्हणजे घरापर्यंत आलेला पाईप. सांडपाण्याच्या नळीला नागपुरात ‘गडर लाईन’ म्हणतात. गटार म्हणून शोधलेत तर माणूस सापडेल, पण गडर म्हणून लवकर सापडेल. खोली पाहताना विचारायचे दोन प्रश्न: नळाची लाईन वेगळी आहे की बोअरची आणि तिची एकच? गडर लाईन पावसाळ्यात चोक होते का? दुसऱ्या प्रश्नाला घरमालक ‘नाही’च म्हणतील. तो तळमजल्यावरच्या भाडेकरूला विचारा.

पायरी ६: रांग

बँक असो, टेकडीचा गणपती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी असो, नागपूरकर ‘रांगेत उभे राहा’ असे म्हणत नाही, ‘लाईनीत लागा’ म्हणतो. ‘भाऊ, लाईन इथून आहे ना’ हे वाक्य हसऱ्या चेहऱ्याने येते, पण ते दुसऱ्यांदा ऐकायची वेळ आणू नका. इंग्रजीत या रांगेला अमेरिकन माणूस लाईन म्हणतो आणि ब्रिटिश माणूस क्यू. म्हणजे या एका बाबतीत आपण, ब्रिटिशांकडून इंग्रजी शिकूनही, अमेरिकनांच्या बाजूला जाऊन उभे आहोत.

पायरी ७: माणसांतली लाईन

‘तू कोणत्या लाईनमध्ये?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत येणारच. म्हणजे काम काय करतोस, शिकतोस काय. उत्तर ‘कॉम्प्युटर लाईन’, ‘बँकिंग लाईन’ असे द्यायचे. ‘मेडिकल लाईन’ म्हणताना मात्र जरा जपून, कारण नागपुरात नुसते ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या आसपासचा सगळा भाग. ‘मी मेडिकलमध्ये आहे’ म्हटल्यावर समोरच्या मावशी ‘कोण अ‍ॅडमिट आहे?’ असे विचारू शकतात.

‘लाईन मारणे’ म्हणजे एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या मागे लागणे, नजर टाकणे, बोलण्याचे निमित्त शोधणे. ‘लाईन देणे’ म्हणजे समोरून प्रतिसाद येणे. मित्रांच्या कट्ट्यावरचे शब्द आहेत, तिथेच ठेवा. ऑफिसात एखाद्या सहकारी मुलीबद्दल हे शब्द वापरणे असभ्यच नाही, अंगाशी येणारेही आहे. आणि त्यांचे शब्दशः इंग्रजी तर मुळीच करू नका. इंग्रजीत ‘डू अ लाईन’ म्हणजे नशेची पूड नाकाने ओढणे. ‘लाईन मारणे’ला तिकडे ‘हिट ऑन’ म्हणतात. ‘पिकअप लाईन’ हा शब्द आहे, पण ती लाईन म्हणजे ओळख काढण्यासाठी टाकलेले वाक्य.

पायरी ८: ऑफिसातली इंग्रजी लाईन

आता मिहानच्या फाटकातून आत. इथे मराठी क्रियापदाची किल्ली चालत नाही. इंग्रजीत अर्थ ठरवतो तो लाईनच्या आधी येणारा लहानसा शब्द. इन, ऑन, आउट, डाउन, बिटवीन. ही शब्दयोगी अव्ययेच, फक्त मराठीत ती मागून येतात आणि इंग्रजीत पुढून.

‘इन लाईन’ म्हणजे रांगेत. पण त्याला ‘विथ’ जोडला की ‘इन लाईन विथ पॉलिसी’, म्हणजे धोरणाला धरून. ‘ऑन द लाईन’ म्हणजे फोनवर, आणि दुसरा अर्थ पणाला लागलेले. ‘माय जॉब इज ऑन द लाईन’ असे कुणी म्हटले तर तो फोनवर बोलत नाहीये, त्याची नोकरी धोक्यात आहे. ‘ऑनलाईन’ जोडून लिहिले की इंटरनेट. ‘डाउन द लाईन’ म्हणजे पुढे काही काळाने. ‘तुझी बढती डाउन द लाईन पाहू’ याचा मराठी अर्थ ‘आत्ता नाही’ असा घ्या. ‘अलाँग द सेम लाईन्स’ म्हणजे त्याच धर्तीवर. ‘बिटवीन द लाईन्स’ म्हणजे न लिहिलेले ओळखणे. ‘आउट ऑफ लाईन’ मात्र गंभीर आहे. तुमच्या बोलण्याला कुणी असे म्हटले तर तुम्ही मर्यादा सोडली, असा त्याचा अर्थ. तिथे हसून वेळ मारून न्यायची नाही, ‘सॉरी’ म्हणायचे.

नामे थोडी. ‘लाईन मॅनेजर’ म्हणजे तुमचे थेट वरिष्ठ, रजा मागायची ती यांच्याकडे. त्यांचा कारखान्याच्या उत्पादनाच्या लाईनशी संबंध असेलच असे नाही. ‘डॉटेड लाईन’ वरिष्ठही असतात. संघटनेच्या तक्त्यात तुमच्यापासून त्यांच्यापर्यंत तुटक रेघ असते, म्हणजे ते काम सांगू शकतात, पण तुमची रजा त्यांच्या हातात नसते. नव्या माणसाची सर्वांत जास्त ओढाताण या दोन रेघांमध्ये होते. एकाच दिवशी दोघांनी काम दिले तर स्वतः निवड करू नका, दोघांना एकाच मेलमध्ये घेऊन आधी कोणते ते विचारा. ‘बॉटम लाईन’ म्हणजे नफा-तोटा पत्रकातली शेवटची ओळ, निव्वळ नफा. ‘टॉप लाईन’ म्हणजे वरची ओळ, एकूण विक्री. बोलण्यात बॉटम लाईन म्हणजे ‘थोडक्यात मुद्दा काय’. साहेबांनी ‘व्हॉट्स द बॉटम लाईन?’ विचारले की पूर्वपीठिका आवरती घ्यायची.

‘डेडलाईन’ हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातला. १८६४ मध्ये जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ ठरवलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. नंतर तो शब्द वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत शिरला आणि तिथून सगळीकडे गेला. त्या मानाने आपल्या ‘मुदत’ या शब्दात माणसाला बराच श्वास घेता येतो. पण ऑफिसात मुदत म्हणून भागत नाही. डेडलाईन दिली की लगेच तारीख आणि वेळ दोन्ही लेखी विचारून घ्या, कारण परदेशी टीम असेल तर त्यांचा शुक्रवार संपतो तेव्हा आपला शनिवार उजाडलेला असतो.

लिहिताना हमखास चुकणारा एक प्रयोग म्हणजे ‘टो द लाईन’. यातला टो म्हणजे पायाचा अंगठा, गाडी ओढून नेण्याचा टो नव्हे. आखलेल्या रेघेला पायाची बोटे लावून उभे राहायचे, म्हणजे नेमून दिलेली शिस्त पाळायची. स्पेलिंग अंगठ्याचे.

आता या शब्दाचे मूळ. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला ‘लिनम’ म्हणत. त्याच्या खोडापासून धागा काढत, त्या धाग्याला किंवा सुताला ‘लिनिया’. गवंडी आणि सुतार ते सूत ताणून सरळ रेघ मारत, आणि सुतावरून नाव रेघेकडे गेले. तिथून लाईन. लिननचे कापड त्याच झाडाचे. कोट-झग्यांना आतून लिनन लावत, म्हणून ‘लायनिंग’. सीताबर्डीतले टेलरकाका ब्लाऊजला लायनिंग लावू का विचारतात, तेव्हा ते अस्तराबद्दल विचारतात. जवसाला इंग्रजीत लिनसीड म्हणतात, त्यातही तोच ‘लिन’ आहे. विदर्भात जवस रब्बीत घेतात, तो धाग्यासाठी नव्हे, तेलासाठी आणि चटणीसाठी. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्याच्या ताटात या शब्दाचे बी पिढ्यान्‌पिढ्या आहे. मेसच्या मावशींना सांगून ठेवा, त्या करून देतात.

क्रिकेटचे तेवढे राहिले. ‘लाईन आणि लेंथ’ मधली लाईन म्हणजे चेंडूची डावी-उजवी दिशा, ऑफ स्टंपच्या रोखाने की लेगच्या. लेंथ म्हणजे टप्पा, फलंदाजापासून किती लांब. मराठी समालोचनात ‘दिशा आणि टप्पा’ म्हणत आणि ते छान होते. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा जिंकला आणि लगेच पुढच्या हंगामात पुन्हा जिंकला, तेव्हापासून इथल्या पानठेल्यावरही लाईन-लेंथवर अधिकारवाणीने बोलले जाते. उमेश यादव खापरखेड्याचा, हे तुम्हाला ऐकवले जाईल, ते मान डोलावून ऐकायचे. सिव्हिल लाईनमधल्या जुन्या मैदानावरून आंतरराष्ट्रीय सामने २००८ पासून जामठ्याच्या स्टेडियमवर गेले. तिथला सामना पाहायला ऑरेंज लाईनने खापरीपर्यंत जायचे आणि पुढे बस किंवा ऑटो. सामना सुटल्यावर तिकीट खिडकीपुढे लाईन लागते, त्यामुळे मेट्रोचे महाकार्ड आधीच काढून त्यात पैसे भरून ठेवा.